मागच्या तारखेची बढती

शेठ मला "बस" म्हणाले, तेव्हाच मला शंका आली.

श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी त्यांचा बर्फाचा कारखाना. मी तिथे सात वर्षं असिस्टंट इंजिनिअर होते आणि केबिनमध्ये कायम उभ्यानेच बोलले होते. त्या दिवशी मात्र खुर्ची होती, चहा होता आणि टेबलावर माझ्या नावाचं पत्र.

"वैशाली, आजपासून तू प्लांट इन्चार्ज. तीन वर्षं मागे लागली होतीस ना?"

लागले होते. दर अप्रेझलला विचारायचे आणि उत्तर ठरलेलं, मोकलसर आहेत तोवर जागा नाही. मोकलसर आमचे इन्चार्ज. आठ दिवसांपूर्वी ते अचानक नोकरी सोडून गेले. तब्येतीचं कारण सांगितलं होतं.

पत्र वाचताना आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग खालच्या ओळीशी थांबले.

"शेठ, नेमणुकीची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची आहे."

"तुझाच फायदा. सिनिऑरिटी मिळेल. कर सही."

"पण तेव्हा मोकलसर होते."

"कागदावर काय फरक पडतो?"

अर्ध्या दिवसाची रजा देताना तीन प्रश्न विचारणारा माणूस मला अडीच महिने फुकट देत होता. घरी दाखवून उद्या देते, म्हणून मी पत्र घेऊन बाहेर पडले आणि या अडीच महिन्यांत प्लांटवर काय घडलं ते पाहायला थेट मशीनरूममध्ये गेले.

बर्फ कारखान्यात गारवा तयार करायला अमोनिया वायू वापरतात. तो दाबाखाली द्रवरूपात एका पोलादी टाकीत साठवतात, तिला रिसीव्हर म्हणतात. दाब हाताबाहेर गेला तर टाकी फुटू नये म्हणून वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, प्रेशर कुकरला असतो तसा. ठरलेल्या मुदतीत तो काढून तपासायचा आणि पुढची तारीख टॅगवर लिहायची. आमच्या टाकीपासून वीस पावलांवर भिंत होती. भिंतीपलीकडे कोळणी मासळी निवडायला बसायच्या.

टॅग मी पुसून वाचला. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. टॅग पाहणं माझं काम नव्हतं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. ते फारसं पटलं नाही.

लॉगशीट पाहायला रॅककडे गेले. दर तासाचा दाब आणि तापमान त्यात लिहितात, खाली इन्चार्जची सही असते. शेवटच्या अडीच महिन्यांची फाइलच नव्हती.

"शेटनी नेली परवा," ऑपरेटर काशिनाथ म्हणाला. हा इथल्याच कोळीवाड्यातला, माझ्याआधीपासून कारखान्यात. "मोकलसायबांनी त्यांना सांगितलेलं, व्हॉल्व बदला. शेट बोलले, आता सीजन हाय, बंद ठेवायला परवडनार न्हाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं न्हाय, मॅडम."

आता चित्र स्पष्ट व्हायला लागलं. मुदत संपली तेव्हा इन्चार्ज कोण? पत्राप्रमाणे मी.

मोकलसर आता नागावला राहायला गेले होते. मी फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं. बढतीबद्दल मी अजून एक शब्द बोलले नव्हते.

"तुम्हाला कसं कळलं, सर?"

"शेठ म्हणाले होते तसं."

"तुमच्या रिलिव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस कुठला आहे?"

 

"अडीच महिन्यांपूर्वीचा," ते म्हणाले. "मी दोनदा लेखी दिलं होतं, वैशाली. ते कागद त्यांनी ठेवून घेतले. दुसरीकडे नोकरी मिळाली होती आणि रिलिव्हिंग लेटरशिवाय ते घेत नव्हते. तू सही करू नकोस."

"हे तुम्ही मला आपणहून कळवलं नसतं ना?"

मी फोन ठेवला. मला पहिली ड्रॉइंग वाचायला शिकवणारा माणूस तो. शेठपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं पत्र टाइप करून नेलं. पद स्वीकारते, पण आजच्या तारखेपासून. सेफ्टी व्हॉल्व्हची मुदत संपली आहे, तो तपासून होईपर्यंत प्लांट बंद ठेवावा.

शेठनी ते दोनदा वाचलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही."

"मग बढती विसर. पत्र परत दे."

"देते. माझ्या पत्रावर इनवर्डचा शिक्का आणि सही हवी."

"अशी माणसं पुढे जात नाहीत, वैशाली."

शिक्का मिळाला. मी शिक्का मारलेली प्रत पोच म्हणून घेऊन बाहेर आले. तीन वर्षं ज्या पदाची वाट पाहिली, ते एका दिवसात गेलं होतं.

त्याच आठवड्यात सरकारी तपासणी झाली. शेठना तारीख आधीच कळलेली होती, घाई त्याचीच होती. इन्स्पेक्टरांनी टॅग पाहिला आणि इन्चार्ज कोण म्हणून विचारलं. शेठनी माझ्याकडे बोट केलं. मी पोच पुढे केली.

त्यांच्या आदेशाने प्लांट नऊ दिवस बंद राहिला. बोटींना बाहेरून बर्फ आणावा लागला आणि कोळीवाड्यात आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. व्हॉल्व्ह टेस्ट बेंचवर लावला, तर ठरलेल्या दाबाला तो उघडलाच नाही. आतून गंजून बसला होता. हे काशिनाथनेच वस्तीत सांगितलं, मग बायका बोलायला लागल्या.

इन्चार्ज म्हणून शेठनी बाहेरचा माणूस आणला. मी पाच महिने असिस्टंटच राहिले आणि अर्ज करत राहिले. दोन इंटरव्ह्यूंत "सात वर्षांत प्रमोशन का नाही?" हा प्रश्न आला. खरं सांगितलं, तर समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझी तक्रारखोर म्हणून नोंद झाली असणार. तिसऱ्या ठिकाणी, अलिबागजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, त्यांनी पोच मागून घेतली, वाचली आणि पुढचा प्रश्न कॉम्प्रेसरवर विचारला.

तिथे इन्चार्ज म्हणून नेमणुकीचं पत्र हातात पडलं, तेव्हा मी पान उलटून शेवटच्या ओळी शोधू लागले.

"मॅडम, पद पहिल्या पानावर आहे," एचआरची मुलगी म्हणाली.

"ते तुम्ही तोंडी सांगितलंय," मी म्हटलं. "तारीख नाही सांगितली."