अनघाची कथा मी थांबवली

रविवार. इथे लिहून वर्ष होत आलं. इतकी गप्प राहिले, माफ करा.

अनघा गुरुवारी गेली. आणि तिची कथा तिच्या डोळ्यांसमोर छापून आली नाही, ती माझ्यामुळे.

ब्रेन हॅमरेज. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये. वय त्रेचाळीस.

अमेरिकेतल्या आमच्या या डब्लिनच्या लायब्ररीत दर शनिवारी आम्ही दोघी एकमेकींचं लिखाण वाचायचो.

तिच्या कथेतल्या गावात बाहेरून आलेल्या प्रत्येकाला रोज सकाळी कुणाची तरी सही आणावी लागते: या माणसाची मला गरज आहे.

सही नाही, तर संध्याकाळपर्यंत घर रिकामं.

डबे करणारी एक म्हातारी मावशी आणि शेजारचा सोमाली बसड्रायव्हर रोज एकमेकांसाठी सही करतात.

एका सकाळी तो दार उघडत नाही.

काळ्याकुट्ट भविष्याच्या कथांच्या एका डिस्टोपियन संग्रहाने ती घेतली. सगळे लेखक ब्लॅक, लॅटिनो, एशियन. अनघाने केक आणला, आम्ही लायब्ररीत चोरून खाल्ला.

मग मीच म्हटलं, "ग्रीन कार्ड येऊ दे गं. मग नावानिशी छाप. आत्ता उगाच इमिग्रेशनमधल्या कुणाच्या डोळ्यावर यायला नको."

"तोपर्यंत मी त्या मावशीएवढी होईन," ती हसत म्हणाली.

त्याच आठवड्यात तिने कथा मागे घेतली.

माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. मला कसलीच भीती नव्हती. ती मी तिला दिली.

काळजीच होती ती, असं तीन दिवस स्वतःला सांगतेय. पण तिची कथा माझ्या कुठल्याही कथेपेक्षा चांगली होती, आणि हे मला तेव्हाही कळलं होतं.

तिचा नवरा नितीन आणि मुलगी तिच्याच व्हिसावर इथे आहेत. ती गेली तसा तोही संपला; लॉयरने देश सोडायची आवराआवर सुरू करायला सांगितलंय. दोन वर्षांची असताना आलेली ही मुलगी आता आठवीत आहे. काल विचारत होती, "बट बाबा, व्हेअर डू वी गो?"

नितीनपाशी मी सगळं कबूल केलं. त्याला माहीत होतं. संग्रह अजून प्रेसला गेलेला नाही, म्हणाला. "कथा पाठव. तिचं पूर्ण नाव टाक. आता आमचं काय घेणार आहेत?"

माझ्या ओठांवर आलं होतं, तुम्ही भारतात पोचेपर्यंत थांबू या का.

परत तेच.

गिळलं.

अनघा, मान खाली घालून तुला निरोप देते.

उद्या: सकाळी एडिटरला मेल. कथा, तिच्या पूर्ण नावासकट.