इडलीपात्रातला चौथा बोल्ट

साडू हा प्राणी देवाने कशासाठी निर्माण केला याबद्दल लोकांत दुमत असेल, पण आमचे साडू त्याने फक्त आणि फक्त माझी जिरवण्यासाठी कळंब्याला पाठवले याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी काही जळकुकडा माणूस नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढली, माझ्या मागून आलेली पोरं माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसली, मी सगळ्यांना हार घातले आणि पेढेही मागून खाल्ले. पण बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा, शेतकी खात्यातला हा साधा निवृत्त कारकून, खिशाला पाना लावून समोर आला की माझ्या पोटात जे दुखायला लागतं ते ओव्याने थांबत नाही.

यंत्राचं शिक्षण म्हणाल तर साडूंनी सायकलच्या दुकानातसुद्धा उमेदवारी केलेली नाही. त्यांचा सगळा भरवसा उजव्या कानावर. आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी ते फ्रीजला कान लावतात. "दाजी, ह्याला दमा हाय," म्हणतात आणि चहा येईपर्यंत फ्रीज भिंतीपासून ओढून त्याची पाठ उघडी करतात. आमचा मिक्सर, गिझर, शिलाई मशीन, सगळे असे एकेकदा त्यांच्यापुढे उघडे पडलेले आहेत आणि चीड अशी की सगळे आज व्यवस्थित चालतात. माझ्या मुलीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत लाइट गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला, भटजी 'शुभ मंगल'वर अडकले, आणि साडू मंडपातून नाहीसे झाले. पाच मिनिटांत दिवे आले. एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन साडू परतले तेव्हा अक्षता काळ्या झाल्या होत्या, आणि सगळा मंडप नवरा-नवरीकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत होता. व्याही अजून भेटले की विचारतात, "तुमचे साडू कसे आहेत?" मी कसा आहे हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

तरी हे सगळं मी पचवलं असतं, पण मध्ये मामांची गाडी आली. मामा म्हणजे आमचे सासरे. ते गारगोटीला जनावरांचे डॉक्टर होते आणि भुदरगड तालुक्यातली निम्मी वासरं त्यांनी त्या पांढऱ्या चौकोनी गाडीतून हिंडून जगात आणली. मागच्या सीटला अजून औषधाचा वास येतो. पुढे इंजिन जाम झालं आणि गाडी बारा वर्षं गोठ्यात उभी राहिली, तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. एका पाडव्याला सगळे जेवायला बसलेलो असताना मामांनी विचारलं, "जावईबापू, गाडीचं काय करूया?" थोरला म्हणून मला विचारलं. मी श्रीखंड चाटत म्हणालो, "भंगारात द्या मामा, जागा तरी मोकळी होईल." मामांनी हातातला घास खाली ठेवला. तेवढ्यात पलीकडून साडू म्हणाले, "मला द्या की. इंजिन दुसरं बसवतो. घरीच बसवतो." मामा हसले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्याकडे बघून मामा तसे एकदाही हसलेले नाहीत. त्या घटकेपर्यंत मला ती गाडी नको होती. त्या घटकेनंतर मला दुसरं काही नकोच होतं.

वर मामांनी अट घातली. "दसऱ्याला ह्याच गाडीतनं शीव वलांडायची. म्या पुढं बसनार." दसऱ्याला गावाची शीव ओलांडून यायचं हा मामांचा नेम. गाडी होती तोवर ते गाडीतून जात, नंतर पायी जाऊ लागले, आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिल्यावर दोन दसरे ते ओसरीवरच बसून होते.

मग पावसाळाभर साडूंच्या कळंब्याच्या घरापुढच्या पत्र्याखाली दर रविवारी तो उद्योग चालला. एका चेपलेल्या टेम्पोचं इंजिन आलं. ते उचलायला गणपती मंडळाची साखळी-कप्पी आली, तीन लोखंडी पाइपांच्या तिकाटीवर ती टांगली, आणि जिने एरवी गणराय ट्रॉलीवर चढतात तिने मामांच्या गाडीचं जुनं इंजिन बाहेर काढलं. माणसं चार, सगळी एका शाळेतली, एका बाकावरची. एक साडू. दुसरे बशीरभाई, उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर उभे असलेले. तिसरा संपत, दुधाचा टँकर चालवतो, ओढायला-ढकलायला तो. चौथे ड्रॉइंग मास्तर, ज्यांना गाडीतलं हॉर्नखेरीज काही कळत नाही. म्हणून त्यांच्याकडे इडलीपात्राचं खातं दिलेलं होतं.

हे इडलीपात्र माझ्या मेव्हणीचं. गाडीचा निघालेला प्रत्येक नटबोल्ट डिझेलमध्ये धुऊन त्याच्या एकेका खळग्यात ठेवायचा, ही साडूंची पद्धत. वरच्या ताटलीत इंजिन, मधलीत गिअरबॉक्स, खालची किरकोळ. मास्तरांनी त्याचा मोठा तक्ता काढून भिंतीला लावला होता, रंगीत पेन्सिलींनी, प्रत्येक बोल्टची सावलीसुद्धा दाखवलेली. मेव्हणीने पाच महिने इडली केली नाही. पाहुणे आले की ती पोह्यांवर भागवायची आणि पोह्यांनाही थोडा डिझेलचा वास यायचा. माझ्या बायकोचं इडलीपात्र असं कुणी पळवलं असतं तर आमच्या घरात काय झालं असतं ते सांगण्यासारखं नाही. मेव्हणी मात्र पदराने ताटली पुसून देत म्हणायची, "मास्तर, ह्यात अजून दोन मावतील."

मीही दर रविवारी जात होतो. सहज. शहराबाहेर कळंब्याच्या बाजूला मोकळी हवा असते म्हणून. मी गेलो की साडू गाडीखालून ओरडायचे, "अगं, दाजी आलं. खुर्ची आन." खुर्ची यायची, तिच्यावर टॉवेल अंथरला जायचा, माझ्यासाठी वेगळ्या बशीत चमचा घालून भडंग यायचं. ते चौघे पोत्यावर मांडी घालून एकाच वर्तमानपत्रावरचं भडंग मुठीनं खायचे, काळ्या हातांनी, एकमेकांच्या हातावर चापटी मारत. मी एकदा म्हणालो, "मी काही धरू का?" संपत दचकलाच. "छ्या छ्या, दाजी. थोरलं जावई तुमी. कापडं खराब हुतील." एवढा मान मला बँकेतही कुणी दिला नव्हता, आणि त्या मानापायी मी पाच महिने त्या पोत्यापासून चार हात लांब बसून राहिलो. खरं सांगायचं तर तोवर गाडीचा हेवा बाजूलाच राहिला होता. पस्तीस वर्षांच्या नोकरीने मला फ्लॅट दिला, नवीकोरी थंडगार गाडी दिली, पण रविवारी सकाळी हाक मारली तर हातातला चहा टाकून येईल असा एक माणूस दिला नाही. साडूंकडे असे तीन होते. हे मला बघवत नव्हतं.

दसऱ्याच्या तीन रविवार आधीची गोष्ट. टेम्पोचं इंजिन मामांच्या गाडीत जुन्या जागी नीट बसेना, म्हणून बशीरभाईंनी लेथवर दोन पट्ट्या आणि चार लांब बोल्ट मुद्दाम बनवून आणले होते. इंजिनाचा सगळा भार त्या चारांवर. बाकीचं काम होईपर्यंत इंजिन कामचलाऊ बोल्टांवर टेकवलेलं होतं, आणि हे चार चकचकीत बोल्ट वरच्या ताटलीतल्या मधल्या खळग्यात दसऱ्याच्या मुहूर्ताची वाट बघत होते. ते चौघे गाडीखाली पालथे पडून कशावर तरी हसत होते, पोट धरून, मास्तरसुद्धा. मी खुर्चीतून विचारलं, "काय झालं?" आतून आवाज आला, "काय न्हाय, दाजी. तुमी च्या घ्या."

मी चहा घेतला. आणि दुसऱ्या हाताने खळग्यातला एक बोल्ट घेऊन पॅन्टच्या खिशात टाकला. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. घरी बायकोला तो रुमालांखाली सापडला. "हे काय?" तिने विचारलं. "बँकेच्या तिजोरीचा," मी म्हणालो. तिला ते पटलं, यावरून माझी आजवरची चालचलणूक कशी होती ते कळावं.

दसऱ्याच्या सकाळी गारगोटीहून मामांना मीच घेऊन आलो, माझ्या गाडीतून. मामा फेटा बांधून, मांडीवर आपट्याची डहाळी धरून बसले होते आणि वाटभर एकच विचारत होते, "आवाज कसा लागतोय म्हनं तिचा?" माझ्या कुर्त्याच्या खिशात तो बोल्ट होता. गुपचूप खळग्यात टाकायचा असं ठरवून निघालो होतो. पण पोचतो तर ड्रॉइंग मास्तर इडलीपात्र मांडीवर घेऊनच बसलेले, आणि त्यांचा चेहरा पांढरा. माझी नेहमीची खुर्ची मामांना दिली. मी उभा राहिलो.

"चार हाईत, हे बगा," मास्तर तक्त्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चार काढलेत मी. सावलीसकट." खळग्यात तीनच होते. मेव्हणीने पोह्यांचा डबा रिकामा करून पाहिला. मास्तर गुडघ्यांवर रांगत अंगणातली फरशी चाचपू लागले, आणि साठी उलटलेल्या माणसाचं ते रांगणं कुणालाच बघवेना. बशीरभाई म्हणाले, "नवा केला असता, पर काल खंडेनवमीची पूजा झालीया. हार घातलाय लेथला. उद्यापतुर मशीन चालू करत न्हाईत आमच्याकडं." संपत म्हणाला, "हाय त्या कामचलाऊवर नेऊया की. शिवंपतुरच तर जायाचं."

"मामा पुढं बसनार हाईत," साडू म्हणाले. "न्हाय."

तासभर असा गेला. उन्हं चढली. शेवटी मामांनी डहाळी खाली ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढच्या साली जाऊ." पुढच्या साली हा शब्द ऐकून सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मास्तर अजून रांगतच होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यामुळे होतं. आयुष्यात मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

साडू टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली शिरले होते. मी नवा पांढरा कुर्ता घालून, संपत "अवो दाजी, दाजी" म्हणेपर्यंत, त्यांच्या शेजारी आत सरकलो. खाली दोन माणसांपुरतीच जागा होती. आमची तोंडं एकमेकांपासून वीतभर लांब. मी खिशातून बोल्ट काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"माझ्याकडे होता," मी म्हणालो.

साडूंनी टॉर्च बोल्टवर धरला, मग माझ्या तोंडावर. "कवापास्नं?"

"तीन रविवार झाले."

त्यांनी टॉर्च विझवला. मग मान बाहेर काढून ओरडले, "मास्तर, उठा. घावला. हितं वर पट्टीच्या मागंच पडला हुता की. तुमची काय चूक न्हाय." बाहेर एकदम कल्ला झाला. त्या कल्ल्यात साडूंनी बोल्ट परत माझ्या हातात दिला, वर पाना दिला, आणि म्हणाले, "लावा."

"मी?"

"मग कोन? तीन रविवार सांभाळलाय न्हवं." मी पाना लावला. "उलटा फिरवताय," ते म्हणाले, "उजवीकडं. हां. आता हात सुटंस्तवर आवळा." माझ्या कपाळावर तेल गळत होतं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि खोटं कशाला बोलू, गाडीखाली पडल्या पडल्या मला त्या मनाचासुद्धा हेवा वाटला. तेही यांनाच मिळायचं होतं.

बाकीचे तीन साडूंनी आवळले आणि गाडी तिसऱ्या किल्लीला लागली. मामांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि पहिलं सोनं, आपट्याचं पहिलं पान, तिच्या डॅशबोर्डवर ठेवलं. पुढे साडू आणि मामा, मागे बशीरभाई, संपत, मास्तर आणि त्यांच्यात कोंबलेला मी. माझी थंडगार गाडी बायको चालवत मागून येत होती, मेव्हणीला घेऊन. शीव ओलांडली तेव्हा मामांनी खिडकीबाहेर हात काढून दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, गाय चांगली व्याली की मारायचे तशी. परत आल्यावर वर्तमानपत्रावर भडंग ओतलं गेलं. माझ्यासाठी बशी आली नाही. संपतने पोत्यावर सरकून जागा केली.

गाडी झाली आणि रविवार संपले. हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दिवाळी गेली, कळंब्याला जायला निमित्त उरलं नाही, आणि मी रविवारी सकाळी गॅलरीत चहाचा कप धरून रस्त्याकडे बघत बसू लागलो. शेवटी परवा मी साडूंना फोन केला. म्हणालो, माझ्या गाडीतून काहीतरी आवाज येतोय. ही तीच गाडी, जिच्या बॉनेटला कंपनीच्या माणसाखेरीज कुणी हात लावायचा नाही असं मी त्यांनाच दोनदा बजावलं होतं. तासाभरात चौघेही हजर झाले, मास्तर पेन्सिलींसकट. मी गाडी चालू केली. ती इतकी नवी की चालू आहे की नाही हेच कळेना. साडूंनी बॉनेटवर उजवा कान ठेवला, डोळे मिटले, आणि खूप वेळ तसेच उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"येतोय की," ते शेवटी म्हणाले. "मोठं काम हाय, दाजी. तीन-चार रविवार तरी जातील." मग माझ्या बायकोकडे वळून त्यांनी हाक मारली, "आक्का, तुमचं इडलीपात्र आना भाईर."