मूळ पिवळा

गल्लीत त्यांना अस्सलराव म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

अस्सलराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या दुकानात शिरून तराजू तपासण्यात गेला. पारड्याखाली मेण चिकटवणारे, वजनाचं बूड कोरून हलकं करणारे, मापाच्या तळाला पोचा पाडून ठेवणारे, असे किती तरी लबाड त्यांनी पकडले. कुणाच्या चहाच्या कपालाही ते कधी मिंधे झाले नाहीत. निवृत्त झाल्यावर तराजू गेले, पण नजर काही जाईना. शेजाऱ्याने हौसेने नवं टेबल आणलं की हे खाली वाकून बघणार आणि म्हणणार, "भुसा आहे आत. वर नुसता लाकडाचा पापुद्रा." शेजाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. आपण त्याच्यावर उपकारच केले, अशा समाधानात अस्सलराव घरी यायचे.

अशा माणसाची बायको रफू करायची, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. रफू म्हणजे फाटलेलं फाटलंच नव्हतं असं दाखवायची कला. सगळे त्यांना रफूकाकू म्हणत. लांबलांबून लोक कोट, शाली, गणवेश घेऊन यायचे. काकू कापडाच्या आतल्या शिवणीतून त्याचाच धागा उसवून घ्यायच्या आणि भोकावर उभा-आडवा विणत जायच्या. काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात कोट देऊन म्हणायच्या, "शोधा बघू." गिऱ्हाईक शोधून शोधून थकायचं. अस्सलरावांनीही लग्नानंतर काही वर्षं भिंग घेऊन शोधून पाहिलं होतं, मग नाद सोडला.

हे सगळं काम चालायचं दिवाणखान्यात. अस्सलरावांच्या आजोबांच्या काळातली ती दगडी इमारत, आणि तिच्या पहिल्या मजल्यावरची ही खोली. छत उंच, छताच्या कडेने प्लास्टरची पानाफुलांची नक्षी, खाली लाकडी जमीन आणि रस्त्याच्या बाजूला माणसाच्या दुप्पट उंचीच्या दोन खिडक्या. एका खिडकीशी काकूंची खुर्ची. पण मध्यंतरी रस्त्याच्या पलीकडे कचेऱ्यांची एक उंच इमारत उभी राहिली आणि खिडक्या नावापुरत्या उरल्या. त्यात भिंती पिस्ता रंगाच्या, कळकट झालेल्या. त्यात काकूंचे डोळे अधू होत चाललेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यावर शस्त्रक्रिया नाही, भरपूर उजेडात बसा, तेवढंच औषध.

म्हणून खोली रंगवायचं ठरलं तेव्हा काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा रंगाबाबत तोंड उघडलं.

"पांढरा लावू या," त्या म्हणाल्या. "स्वच्छ पांढरा. दुपारीच संध्याकाळ होते हो इथे. काळ्या कोटात काळा धागा घालायचा म्हणजे मी नुसती चाचपडते."

"दिवा लाव की जवळ."

"दिव्याखाली काळं कापड चकाकतं. मग तर काहीच दिसत नाही."

अस्सलरावांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची नव्हती. "पांढरा हा काय रंग आहे? दवाखान्याला लावतात पांढरा. या खोलीला इतिहास आहे."

"मला डोळे आहेत," काकू म्हणाल्या. "अजून थोडे दिवस."

यावर कुणीही शहाणा माणूस गप्प बसून पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन आला असता. पण अस्सलराव शहाणे नव्हते, अचूक होते. रंगारी शेडकार्ड घेऊन आला तेव्हा त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. "हे कंपनीचं म्हणणं झालं," ते म्हणाले. "भिंतीचं म्हणणं काय आहे ते बघू." रंगाऱ्याने बरीच घरं रंगवली होती, पण भिंतीचं मत विचारणारं गिऱ्हाईक त्याला प्रथमच भेटलं. तो पायरीवर जाऊन बसला.

खिडकीजवळचं कपाट सरकवून अस्सलरावांनी त्यामागच्या भिंतीवर पातं आणि पॉलिशपेपर घेऊन काम सुरू केलं. परातीएवढा तुकडा खरवडायचा होता. पिस्त्याखाली गुलाबी निघाला, तो काकाच्या लग्नातला. गुलाबीखाली आकाशी, तो वडिलांच्या बढतीचा. त्याखाली एक करडा, त्याची जबाबदारी घ्यायला आता कुणी हयात नव्हतं. आणि करड्याच्या खाली, थेट प्लास्टरवर बसलेला, जुना तेलाचा रंग निघाला. तो मधासारखा पिवळा होता.

अस्सलरावांचे डोळे भरून आले. खरंच आले. आजोबा याच पिवळ्यात बसून पेपर वाचत असतील! चार वेळा ज्याच्यावर थापा मारल्या गेल्या ते सत्य आज आपल्या हाताने उघडं पडलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू आल्या, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिवळा आहे."

"मूळ पिवळा आहे!"

"मूळ असला तरी पिवळाच की."

पुढचं सांगायला नको. रंगाचा एक टवका घेऊन अस्सलराव दुकानात गेले आणि यंत्रावर हुबेहूब तसाच रंग बनवून घेतला. 'जवळपास' हा शब्द ऐकला की त्यांना ठसका लागायचा, म्हणून दुकानदाराला तीनतीनदा नमुना काढावा लागला. गंमत एवढीच झाली की परातीएवढ्या तुकड्यात जो मध होता, तो चार भिंतींवर चढल्यावर मोहरी झाला. रंगारी शिडीवरून उतरला, ब्रश पुसत म्हणाला, "साहेब, खोली जरा बसल्यासारखी वाटते."

"भारदस्त वाटते," अस्सलरावांनी दुरुस्ती केली.

खरवडलेला तुकडा मात्र त्यांनी रंगवू दिला नाही. त्याच्यावर काच लावलेली लाकडी चौकट टांगली आणि खाली पट्टी लावली: 'मूळ रंग'. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी चौकट दाखवायची, मग हात फिरवून खोली दाखवायची, असा परिपाठ पडला. जुन्या घरांच्या शौकिनांचं एक मंडळ शहरात होतं. त्यांच्या कानावर ही कीर्ती गेली आणि त्यांनी एका रविवारी सगळ्यांनी मिळून बघायला यायचं ठरवलं.

काकू काही बोलल्या नाहीत. काम मात्र बोलायला लागलं. एका वकिलाचा काळा कोट त्यांनी दोनदा उसवला, दोनदा विणला आणि शेवटी तसाच परत केला. "दुसरीकडे बघा," असं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितल्याचं अस्सलरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना वाईट वाटलं. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून त्यांनी ते वाईट वाटणं बाजूला ठेवलं.

त्यात त्यांच्या मनाला उभारी देणारी एक गोष्ट घडत होती. काकू दिवसातून किती तरी वेळा खुर्चीवरून उठून त्या चौकटीसमोर जाऊन उभ्या राहायच्या. मान खाली, दोन्ही हात छातीशी, अगदी निश्चल. अस्सलराव मागून बघत आणि विरघळत. शेवटी पटलं म्हणायचं हिला! संसारात उशीर झाला तरी माणसं एकमेकांना ओळखतात, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मंडळ यायच्या काही दिवस आधी त्यांनी काच आतून पुसायला म्हणून चौकट उतरवली आणि ते तिथेच उभे राहिले. चौकटीच्या लाकडाखाली जी कड झाकली गेली होती, ती मधासारखी पिवळी होती. मधला उघडा भाग पांढरा होता. साधासुधा नाही, चांगला दुधासारखा.

माणूस अचूक असला की त्याला स्वतःपासूनही सुटका नसते. दुसरा कुणी म्हणाला असता, धूळ असेल, ऊन लागलं असेल. अस्सलरावांनी मंडळाला तब्येतीचं कारण सांगून भेट पुढे ढकलली. बोळातल्या दाराच्या मागे त्याच जुन्या रंगाचा एक टवका उचकटला. तोही पिवळाच निघाला. तो त्यांनी खिडकीत सकाळी घटकाभर येणाऱ्या उन्हाच्या कवडशात ठेवला आणि अर्ध्या टवक्यावर नोकरीतलं एक पितळी वजन ठेवून दिलं. मग ते रोज बघत राहिले. काही आठवड्यांनी वजन उचललं तर टवका दोन रंगांचा झाला होता. झाकलेला पिवळा, उघडा पांढरा.

निकाल लागला. आजोबांनी खोली पांढरी रंगवली होती. तेलाचा तो पांढरा रंग पुढच्या रंगांखाली अंधारात पडून पडून पिवळा पडला आणि उजेड मिळताच पुन्हा मूळपदावर आला. अस्सलरावांनी ज्याला सत्य म्हणून चौकटीत बसवलं, तो नुसता अंधाराचा डाग होता. आणि त्याच डागाने त्यांनी चार भिंती रंगवून काढल्या होत्या.

मंडळाला दिलेला नवा रविवार तोंडावर आला होता. पट्टी लागलेली, गल्लीत गाजावाजा झालेला. मग अस्सलरावांनी जे केलं ते त्यांच्या हातून होईल असं त्यांच्या वैऱ्यालाही वाटलं नसतं. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. अस्सलरावांनी माळ्यावरून उरलेला डबा काढला, काडीने ढवळला, आणि 'मूळ रंग' या पट्टीच्या वरचा तो पांढरा तुकडा भरदिवसा पिवळा करून टाकला. मध्येमध्ये ते दाराकडे बघत होते. वजनाचं बूड कोरणारेही असेच दाराकडे बघत असतील का, हा विचार त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिवला. रंग लवकर वाळतो असं डब्यावर लिहिलं होतं. वाळल्यावर त्यांनी चौकट पुन्हा टांगली आणि पेपर उघडून बसले.

काकू आल्या. पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या, कुणाची तरी करडी शाल मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. मग उठून चौकटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मान खाली, हात छातीशी. अस्सलरावांनी पेपरच्या वरून पाहिलं. या वेळी त्या निश्चल नव्हत्या. हात पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई. त्या एका बाजूला सरकल्या, मग दुसऱ्या.

"अहो," त्या न वळताच म्हणाल्या, "इथला उजेड कुठे गेला?"

अस्सलराव उठून जवळ गेले. काकूंच्या एका हातात सुई होती, दुसऱ्या हातात धागा.

"ओवायला एवढी एकच जागा होती या खोलीत," काकू म्हणाल्या. "मागे पांढरं असलं की सुईचं नेढं दिसतं. आता दिसत नाहीये."

"पांढरं झालं होतं, हे तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? कधीचंच झालं होतं. तुम्ही रोज काच पुसता, मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल."

खोटं बोलायला जागा भरपूर होती. पण अस्सलरावांना ते जमलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं: चौकटीची कड, टवका, पितळी वजन, माळ्यावरचा डबा. सांगता सांगता मन हलकं होत गेलं आणि हलक्या मनात उत्साह शिरला.

"पण याचा अर्थ कळला का तुला? मूळ रंग पांढराच! तू म्हणत होतीस तोच! उद्याच रंगाऱ्याला बोलावतो. मंडळालाही सांगतो की माझं चुकलं. पांढराच लावायचा. सगळी खोली पांढरी!"

काकूंनी विचारलं, "आणि खाली निळा निघाला असता तर?"

या प्रश्नाला एक सोपं, गोड उत्तर होतं. जगातल्या कुठल्याही नवऱ्याला ते सुचलं असतं, आणि दुसरा कुणी असता तर ते देऊन मोकळा झाला असता. अस्सलरावांनी प्रश्न मनातल्या मनात नीट तोलला.

"तर निळा लावला असता," ते म्हणाले.

"तेच," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही. भिंतीने सांगितलं ते आलं. मला त्याचंच फार वाईट वाटलं हो. कोट परत केला त्याचंसुद्धा एवढं वाटलं नाही."

अस्सलरावांनी 'मूळ रंग' ही पट्टी भिंतीवरून सोडवून घेतली.

"लावा पांढरा," काकू म्हणाल्या. "डोळे माझे आहेत, मी कशाला नको म्हणू? पण तोवर हे ओवून द्यायचं." आणि त्यांनी सुई आणि धागा त्यांच्या हातात ठेवला.

अस्सलराव खिडकीशी गेले. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. धाग्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब केला. धागा सुईच्या या बाजूने गेला, मग त्या बाजूने. मागे मोहरीसारखी पिवळी भिंत, आणि तिच्यासमोर नेढं असं काही दिसेचना. खुर्चीतून काकू शांतपणे बघत होत्या.

"अगं," बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "मागे धरायला काही पांढरं आहे का गं?"