बार काढलात?

सकाळी शाळेत निघायची गडबड चालू होती आणि पुतणीचा फोन आला. "काका, आई…" एवढंच बोलली. मागे तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "बंदूक पडली."

सुमनवहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, गेली त्याला आता दोन महिने होत आले. दादाची आंब्याची बाग आणि वानरांचा उच्छाद, म्हणून घरात परवान्याची ठासणीची बंदूक. वहिनी तिला सवत म्हणायची. मला कधी गणपतीपुळ्याला नेलं नाही, हिला मात्र रोज बागेत फिरवतात, असं चारचौघांत ऐकवायची. दारू आणि छर्रे एकदा नळीत ठासले की रिकामं करायची सोपी रीत एकच, बार उडवणं. म्हणून दादा रोज घरात शिरण्याआधी परसातल्या मातीच्या ढिगात बार काढायचा. आवाज साऱ्या वाडीला ऐकू जाई, तरी वहिनी स्वयंपाकघरातून विचारायचीच, "बार काढलात?" आणि "काढला गो" असं उत्तर आल्याशिवाय चहा बाहेर येत नसे. बंदुकीला कुलपाचं कपाट करा, म्हणून तिनं किती वर्षं घोशा लावला होता. वानरं काय कुलूप उघडेपर्यंत थांबतात, असं म्हणून दादा हसण्यावारी न्यायचा. मग पडवीतली खुंटीच खरी.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बारशाच्या आदल्या संध्याकाळी दादा बागेतून आला, तेव्हा वहिनीच दारात आली. "आज बार नका काढू. पोर आत्ताच निजल्ये." त्यानं ऐकलं. निदान घोड्याखालची केप, बार पेटवणारी ती इवलीशी टोपी, काढून ठेवायची, पण तेवढ्यात आंब्याचा व्यापारी आला, आणि भरलेली बंदूक तशीच खुंटीवर गेली… सकाळी पाळणा टांगायचा होता तो नेमका त्या खुंटीखाली. पाळण्यावर बंदूक नको, म्हणून वहिनी स्टुलावर चढली. बंदूक हातातून निसटली, दस्ता फरशीवर आपटला, नळी तिच्याकडे होती. पाळणा अजून टांगला नव्हता, एवढंच.

मला अजून राग येतो. दादाचा येतो आणि त्याच्याकडे बघितलं की तो गिळावा लागतो.

परवा त्याच्याकडे जाताना शेजारच्या घरी टेकलो. दारावर तशीच बंदूक. भरलेली आहे का विचारलं, तर शेजारी म्हणाला, "केप काढल्ये, गुरुजी." मी खुर्ची बाजूला ओढून बसलो.

दादाची बंदूक पोलिसांकडे जमा आहे. खुंटी त्यानं उपटून टाकली, भिंतीला भोक तेवढं राहिलंय. संध्याकाळी तो बागेतून रिकाम्या हातांनी आला. चपला काढल्या, पायरीवर थांबला आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "काढला गो."

आतून कोणी काही विचारलं नव्हतं.