त्रिकोणाचा गोल

जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकलेल्याला टिक. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी दुसरीत असताना गणिताचा पेपर घेऊन घरी आली, पानभर लाल गोलच गोल. मी म्हटलं, "अगं, एवढ्या चुका?" तिनं रडायच्या बेतात येऊन वरचे शंभरपैकी शंभर दाखवले. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. नवरा म्हणाला, "हा देशच फुली-गोळ्यावर चालतो." खरंच चालतो. छान, चालेल, बरोबर म्हणजे गोल. चुकलं, बंद, नको म्हणजे फुली. आणि दोघांच्या मध्ये एक त्रिकोण असतो. अगदी वाईट नाही, पण चांगलंही म्हणता येणार नाही. आपल्याकडे त्या अवस्थेलाही 'बरंय' म्हणतात आणि पुढे जातात.

आम्ही हिगाशी-कसाईला दहाव्या मजल्यावर राहतो. आमच्या बिल्डिंगमधली आपली मुलं एक तर क्रिकेट खेळतात नाहीतर कथक शिकतात. माझी मुलगी आइस हॉकीची गोलकीपर. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून रिंकवर गेली ती तिथेच रमली. तिथे गोलकीपर तयार करणारे एक वेगळे कोच होते, साठी उलटलेले, बोलणं अगदी हळू. तरुणपणी स्वतः गोलकीपर होते आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत. ती दोन बोटं मी पहिल्याच दिवशी पाहिली होती.

गोलकीपर निवडायची त्यांची पद्धत साधी होती. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना जाळीचं हेल्मेट घालून रांगेत उभं करायचे आणि एकेकाच्या तोंडावर टेनिसचा चेंडू टाकायचे. चेंडू जाळीवर आपटताना डोळे मिटतात का, एवढंच बघायचे. सगळ्यांचे मिटले. माझ्या लेकीचे मिटले नाहीत. कोच माझ्याकडे आले आणि मागणी घालायला आल्यासारखे कमरेत वाकले.

"ओका-सान," ते म्हणाले. इथे पोरांच्या आईला सगळे असंच म्हणतात. "या मुलीचे डोळे मिटत नाहीत. मला द्या."

मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीतीही. डोळे मिटणं ही देवानं दिलेली सोय आहे, ती हिला का दिली नाही, असं मनात आलं होतं. पण तो विचार मी झटकला आणि हो म्हटलं.

पहिलं वर्षभर त्यांनी तिला धड पकसुद्धा अडवू दिला नाही. पक म्हणजे ती काळी रबराची चकती, हातात घेतली तर दगडासारखी. नुसतं पडायचं, उठायचं, आडवं सरकायचं. मी कंटाळून विचारलं तर म्हणाले, "गोलकीपर उशिरा पिकतो. घाई केली की आतून नासतो." गोल झाला तर ते गोलकडे बघतच नसत. गोल खाल्ल्यावर पोर काय करतं ते बघत. माझी पोर शांतपणे जाळीवर ठेवलेली बाटली उचलायची, एक घोट पाणी प्यायची आणि पुन्हा वाकून उभी राहायची. ते एकदाच मान हलवायचे. त्या मान हलवण्यासाठी आम्ही चार वर्षं पहाटे उठलो.

प्रत्येक सरावाच्या सकाळी तब्येतीचा तक्ता भरून द्यावा लागे. ताप किती, आणि झोप, भूक, पोट, डोकं यांचे चौकोन. खाली सहीऐवजी पालकांचा शिक्का. पहिल्या आठवड्यात मी उत्साहाच्या भरात गणिताच्या पेपरचा धडा विसरले आणि सगळ्या चौकोनांत टिकमार्क केल्या. आमच्या शाळेत टिक म्हणजे 'तपासलं, उत्तम'. कोचनी कागद पाहिला आणि हिला ब्लँकेट गुंडाळून बाकावर बसवून ठेवलं. झोप नाही, भूक नाही, पोट बिघडलंय, डोकंही दुखतंय, अशा मुलीला आईनं पाठवलंच कसं, असं त्यांना वाटलं असणार. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवरा आजही चिडवतो, "टिक मारली आणि विकेट गेली." त्या चुकीतून मी एक गोष्ट पक्की शिकले. तो कागद तिथे खरोखर वाचला जातो. ही अक्कल पुढे मी नको तिथे वापरली.

मुलगी सातवीत गेल्यावर तक्ता तिनं भरायचा आणि मी फक्त शिक्का मारायचा, अशी पद्धत झाली.

माझ्या कामाचंही सांगायला हवं. मी कावासाकीला औषधं तपासायच्या एका लॅबमध्ये आहे. तिथला पहिला नियम म्हणजे नोंद पेननं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आपला शिक्का. टेबलावर खोडरबर सापडलं तरी बोलणी बसतात. नवीन आलेल्यांना हा नियम मीच शिकवते, आणि चांगला खडसावून शिकवते.

गेल्या वर्षी होक्काइदोच्या शिबिरासाठी आमच्या भागातून दोन गोलकीपर निवडायचे होते. तिघं चाचणीला होते. या शिबिरातून पुढचे सगळे रस्ते निघतात, असं रिंकवरच्या आया सांगायच्या. खरं सांगायचं तर ती निवड मुलीपेक्षा मलाच जास्त हवी होती. पुण्याला सगळ्यांना सांगून झालं होतं. बाजारात तुरी, आणि मी मात्र होक्काइदोच्या थंडीसाठी तिला दोन जोड थर्मल आणून कपाटात ठेवले होते.

शनिवारी चाचणी होती. गुरुवारी सरावात जवळून मारलेला एक पक तिच्या मास्कवर, कपाळाच्या जरा वर लागला. मास्कवर पक लागणं रोजचंच. तिनं हात वर करून ठीक असल्याचं दाखवलं आणि सराव पुरा केला. गाडीत मात्र ती एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, दमली असेल.

शुक्रवारी सकाळी कचरा टाकायला ती गेली. ते काम तिचंच. कुठल्या वारी प्लॅस्टिक, कुठल्या वारी जळणारा कचरा, हे मी अजून फ्रिजवरच्या कागदात बघते. तिला झोपेतही पाठ होतं. थोड्या वेळानं बिल्डिंगचे वॉचमन काका लाल स्टिकर लावलेली पिशवी घेऊन दारात आले. प्लॅस्टिक चुकीच्या दिवशी टाकलं होतं. त्यांनीच माझी माफी मागितली. मी पिशवी घेतली आणि गॅलरीत ठेवली. दिवसभर ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोर होती. शाळेतून आल्यावर मुलीनं पडदे ओढले. आवडीचा वरण-भात अर्धा टाकला. मी स्वयंपाकघरातला दिवा लावला तर हातानं डोळे झाकून जपानीत म्हणाली, तो बंद कर ना.

"डोकं दुखतंय का गं?"

"दाइजोबु."

या शब्दाचं मला भय वाटायला हवं होतं. दाइजोबु म्हणजे 'मी ठीक आहे'. दाइजोबु म्हणजे 'नको, मला विचारू नकोस' असंही. दुकानात पिशवी नको असली तरी हेच म्हणतात. दोन अर्थांतला मला सोयीचा होता तो मी घेतला.

शनिवारी सकाळी नवरा गाडी काढायला खाली गेला होता. मुलगी आत केस बांधत होती. तक्ता डायनिंग टेबलावर होता, पेन्सिलनं भरलेला. झोप, गोल. भूक, गोल. पोट, गोल. डोकं, त्रिकोण. लहानसा, तिन्ही रेघा नीट जुळवलेला त्रिकोण.

मला लगेच कळलं. कळलं नाही असं मी आता कुणालाच सांगू शकत नाही. डोक्याच्या चौकोनात त्रिकोण असेल तर कोच तिला बर्फावर पाऊल ठेवू देणार नाहीत, हे टिकमार्कच्या प्रकरणापासून मला पक्कं माहीत होतं. मग मी स्वतःची समजूत घालायला लागले. परीक्षेच्या दिवशी सगळ्यांचंच डोकं दुखतं. आमचं नव्हतं का दुखत? चार वर्षं पहाटे उठलो ते काय बाकावर बसवायला? तिच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं, त्रिकोण पुसला, गोल काढला, शिक्का मारला. शिक्का नेहमीपेक्षा ठळक उठला.

रिंकवर मी वरच्या रांगेत बसले. कोचनी तक्ता पाहिला, बाकावर ठेवला, मान हलवली. पहिला फटका तिनं अडवला. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस. दुसरा आत गेला. नेहमीसारखा तिनं पाण्यासाठी हात मागे नेला. बाटली जाळीवर उजव्या बाजूला होती. तिचा हात डावीकडे चाचपडत राहिला. एकदा, दोनदा. मग पाणी न पिताच ती वाकून उभी राहिली.

मी उठायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मी बसून राहिले, कारण ओरडून सांगणार काय होते?

कोच आपली जागा सोडून गोलमागच्या काचेपाशी आले. पुढचा फटका आला. ते पकाकडे बघत नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला तिथून दिसलं नाही, त्यांना दिसलं. पक यायच्या आधीच तिचे डोळे मिटले होते. त्यांनी दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून मोठी फुली केली. थांबवा. पण शिट्टी वाजेपर्यंत आणखी एक पक आला. जोरात नव्हता. मास्कला लागला आणि ती हळूच, झोप आल्यासारखी बर्फावर बसली.

कागदावरचा गोल आणि बर्फावरचा गोल, मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे. त्या दिवशी तिच्यावर पहिला गोल झाला तो घरी, डायनिंग टेबलावर, आणि तो मी केला होता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, आत रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, पण मेंदू दोनदा हादरलाय. पहिल्या धक्क्यातून सावरायच्या आधी दुसरा बसलाय. बरी होईल, पण कधी ते सांगता येणार नाही. गुरुवारपासूनचं सगळं मी त्यांना सांगितलं, कचऱ्याच्या पिशवीसकट. त्रिकोणाचं तेवढं सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात कोच मिठाईचा खोका घेऊन घरी आले. दारातच इतके वाकले की मला फक्त त्यांचे पांढरे केस दिसत होते. म्हणाले, "तक्त्यावर गोल होता, म्हणून मी निर्धास्त राहिलो. मी मुलीकडे बघायचं सोडून कागद वाचला. माझी चूक." मी म्हणाले, "नाही हो, तुमची काय चूक!" आणि दोन्ही हातांनी खोका घेतला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ती मिठाई आमच्याकडे कुणी खाल्ली नाही.

मग महिने गेले. तिच्या खोलीचे पडदे बंदच. शाळा अर्धा दिवस, तीही जमेल तेव्हा. दोन पानं वाचली की मळमळायचं. जिचे डोळे चेंडू आपटला तरी मिटले नव्हते, ती आता मी फ्रिजचं दार उघडलं तरी डोळे मिटून घ्यायची. ती बरी होणारच नाही, या भीतीनं मी लॅबमध्ये बाथरूममध्ये जाऊन रडायची, आणि बाहेर येऊन नवीन आलेल्या पोरांना सांगायची, नोंद पेननं करा.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कोचना सांग." रिंकवर गेले. लहान मुलांचा सराव चालू होता. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी बर्फावरची नजर काढली नाही. ते चिडले असते तर बरं झालं असतं. तिकडेच बघत म्हणाले, "ओका-सान, तिला सांगितलंत?"

"नाही."

"माझ्याआधी तिला सांगायला हवं होतं."

रविवारी दुपारी तिच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसले आणि सांगितलं. पडदा अर्धा उघडा होता, तेवढा उजेड आता तिला सोसत होता. ती छताकडे बघत ऐकत होती. मग नेहमीसारखी अर्धी जपानीत, अर्धी मराठीत बोलली.

"माहितीये. तक्ता बाकावर होता. मी बघितला. खोडलेलं दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

तिला प्रश्नच कळला नसावा असं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आईनं गोल केला होता ना. मला वाटलं, आईला कळतं. म्हणजे मी दाइजोबु असणार."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिचा हात धरून रडले आणि तिनं मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा तक्ता टेबलावर होता. अर्धा दिवस जायचं तरी तो भरावा लागतो. ती समोर बसली. झोप, गोल. भूक, गोल. पोट, गोल. डोक्याच्या चौकोनात त्रिकोण काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी शिक्का मारला. ओला शिक्का लागू नये म्हणून कागद उचलला तेव्हा दिसलं, तिनं तो पेननं भरला होता.