बेल्टची खिडकी

तारनाक्याच्या पलीकडे वीस मजली इमारत उठत होती. तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत मालनबाईंची खिडकी. उंचावर चढणाऱ्या प्रत्येक मजुराला सेफ्टी बेल्ट त्यांच्याच हातून मिळायचा. बिलोलीहून आल्यावर अकरा वर्षं त्यांनी स्वतः विटा वाहिल्या होत्या. ही पगाराची नोकरी लागली तेव्हा नवरा, उत्तमराव, म्हणाले होते, "डोक्यावरचं ओझं गेलं तुझं."

गेल्या वर्षी एका सुतारानं सुट्टीच्या दिवशी खोलीत जीव दिला. तेव्हापासून कंपनीनं नियम काढला. बेल्ट देण्याआधी तीन प्रश्न: झोप लागली का, जेवलास का, घरी बोललास का. एकालाही 'नाही' आलं की दिवसभर खाली रेती चाळायची, निम्म्या मजुरीवर. दर गुरुवारी पल्लवीमॅडम मजुरांचं मन ऐकून घ्यायला येऊन बसायच्या. तिकडे कुणी फिरकत नसे. मॅडमकडे गेलं की वर चढणं बंद, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

निम्म्या मजुरीतलं घर कसं चालतं, ते मालनबाईंना ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रांगेला शिकवून टाकलं. "डोळ्यात बघून हौ म्हणायचं. थांबायचं नाही. जेवणाचं विचारलं की भाजीचं नाव घ्यायचं, खरं वाटतं." तेव्हापासून रांग सरसर सरकायची. साहेब खूश होते.

त्या सोमवारी विजय खिडकीशी आला. मनगटावर त्याच्या खोलीत राहणाऱ्या उमाजीचं घड्याळ.

"कुठून मारलंस रे?"

"मारलं नाही मावशी, त्यानंच दिलं. म्हणे, मला आता नक्को." विजय हसला. "दोन दिवस ताटाला हात लावला नाही त्यानं. त्याचाबी भात मीच हाणतोय. पोट बघा माझं."

मागचे चौघे हसले. मालनबाईंनी त्याला बेल्ट दिला, पण नजर रांगेच्या शेपटाकडे गेली.

उमाजी सगळ्यांत शेवटी आला. देगलूरचा, तिशीतला, दोन मुलींचा बाप. महिनाभर मान खाली घालून हिंडत होता. आज दाढी केलेली, शर्ट धुतलेला, चेहरा निवांत. मालनबाईंनी खुंटीवरचा शेवटचा बेल्ट काढला, पण तो निवांतपणा बघून पुढे केला नाही.

"जयभीम मावशी. झोप लागली. जेवलो, वांग्याची भाजी. घरी बोललो."

विचारायच्या आधीच. डोळ्यात बघून. न थांबता.

बेल्ट त्यांच्या हातात होता. त्यांनी तो परत खुंटीला अडकवला.

"हुक खराब आहे याचा."

"काल तर बरा होता."

"आज खराब आहे."

"मग दुसरा द्या."

बाकीच्या खुंट्या रिकाम्या होत्या. मालनबाई खोलीबाहेर आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी कागदावर नसलेला प्रश्न विचारला.

"उमाजी, मरायचं मनात आहे का तुझ्या?"

तो थांबला. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"हौ," तो म्हणाला.

मालनबाई त्याच्याशेजारी मातीत बसल्या, त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं पल्लवीमॅडमना फोन लावला. "एकटं सोडू नका, मी निघते," मॅडम म्हणाल्या. "सकाळी काय उत्तरं दिली त्यानं?"

"बरोबर दिली," मालनबाई म्हणाल्या. "मीच शिकवली होती. सगळ्यांना."

उमाजीच्या मनगटावर घड्याळाची पांढरी खूण होती. मालनबाईंनी मान वर केली. चौदाव्या मजल्याच्या कडेला माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. बत्तीस जण. सगळ्यांना झोप लागली होती, सगळे जेवले होते, सगळे घरी बोलले होते.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना खाली बोलवायला सांगा."