दोन भाकरींचा एक गोळा

"कोणाशी भांडून आलीयेस का?"

मी पिठाच्या परातीकडे हात नेला की वसुंधरामावशींचा पहिला प्रश्न हा असायचा.

"आईशी. थोडंसंच."

"थोडंसं असो नाहीतर पोतंभर. आधी जाऊन मिटव, मग पिठाला हात लाव. तोवर तिकडे लांब बस."

नवीन पनवेलात आमची दारं समोरासमोर. मावशी मूळच्या नगरकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झाल्या, नवरा गेला, सत्तरी जवळ आली. पण सासूकडून आलेलं एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांच्या चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर त्या करायच्या. पकडला जाण्याआधी येशूने शिष्यांसोबत भाकर मोडून खाल्ली, त्याची आठवण म्हणून सगळी मंडळी एका भाकरीचा तुकडा तुकडा खाते. "एकाच," मावशी पिठाचं बोट वर करून सांगायच्या, "ज्याला त्याला वेगळी असेल तर ते जेवण. एकातली असेल तर प्रभुभोजन."

आणि नियम असा, की मळणाऱ्या बाईचा कोणाशी अबोला नसावा. सासूने म्हणे एकदा याच नियमापायी भर उन्हात चालत जाऊन एका जावेचे पाय धरले होते. "आणि मग घरी येऊन तिला शिव्या घातल्या," मावशी हसत सांगायच्या. "पण भाकर झाल्यावर."

गव्हाचं पीठ, दूध, चिमूटभर मीठ. खमीर नाही. जुन्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये जाडजूड भाकर भाजायची. भाजण्याआधी मध्यभागी सुरीच्या पाठीने क्रूस दाबायचा, म्हणजे पाळकांना, चर्चच्या धर्मगुरूंना, मोडायला सोपी. पूर्वी ही भाकर परातीएवढी व्हायची. मराठी, मल्याळी, तेलुगू, सगळे तिला पुरायचे. मग मल्याळ्यांनी आपली उपासना वेगळी केली, तेलुगूंनी आपली. मग पेटी वाजवायची की कीबोर्ड, यावरून काही घरं फुटली. मग बाप्तिस्म्यावरून आणखी काही. पनवेलात चर्चं वाढत गेली आणि मावशींची भाकर ताटाएवढी झाली, मग ताटलीएवढी.

या वर्षी ईस्टरच्या आधी पाळकांचा फोन आला. मावशींचे हात थरथरतात म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"मावशी, पुढच्या महिन्यापासून आपण तयार पेले आणतोय. सीलबंद. खाली द्राक्षरस, वरच्या झाकणात भाकरीची पातळ चकती. तुम्हाला किती वर्षं त्रास द्यायचा?"

"त्रास झाला असं मी कधी म्हणाले?"

"तसं नाही हो. स्वच्छतेचाही प्रश्न असतो ना आजकाल."

फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ ओव्हनचं झाकण पुसत बसल्या. ते आधीच स्वच्छ होतं.

"म्हणजे या पवित्र गुरुवारची शेवटची," त्या म्हणाल्या. "शेवटची आहे, तर निकेशने खाल्ली पाहिजे."

निकेश त्यांचा एकुलता एक मुलगा, कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरीला. तीन वर्षांपूर्वी तो तिथल्याच एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती मंडळीत, गेला आणि त्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, टाकीत पूर्ण बुडून. लहानपणी डोक्यावर पाणी घालून झालेला बाप्तिस्मा तिथे धरत नाहीत. मावशींना तो घाव लागला. पण 'जेवलास का, जेवलीस का' एवढं फोनवर चालू असलं की तो अबोला नव्हे, असा एक कायदा त्यांनी स्वतःपुरता काढला होता आणि त्या कायद्यावर तीन वर्षं भाकरी मळल्या होत्या.

"शेवटची तरी खऱ्या हाताने मळू दे," त्या म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर."

निकेशची फेलोशिप म्हणजे कळंबोलीतल्या एका लोखंडाच्या गोदामावरचा मोठा गाळा. खाली ट्रक लागलेले, वर ड्रमचा सराव चाललेला. आत मांडलेल्या खुर्च्या मावशींच्या चर्चमधल्या सगळ्या बाकांहून जास्त, आणि तरी भिंतीशी चटयांच्या गुंडाळ्या. निकेशने गिटार खाली ठेवली.

"आई! तू इथे? बरं आहे ना?"

"बरी आहे. भांडण मिटवायला आले."

"आपलं कुठे भांडण आहे?"

"आहे. तू दुसऱ्यांदा पाण्यात उतरलास तेव्हापासून आहे. मी गिळून बसले होते."

निकेशने त्यांना खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसला.

"आई, तेव्हा मी तान्हा होतो. मला काय कळत होतं? समजून उमजून घेतो तोच बाप्तिस्मा, असं मी मानतो."

"मग माझ्या मांडीवर तुझ्या डोक्यावरून ओघळलं ते काय होतं? नळाचं पाणी?"

निकेशला हसू आलं. मावशीही हसल्या. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, नेमका तिथेच.

"मनात धरलं मी. माफ कर."

"मलाही कर, आई. तुला न सांगता घेतला मी."

"केलं. मग गुरुवारी ये. माझी शेवटची भाकर आहे. एक तुकडा खा आणि जा, थांबू नकोस हवं तर."

निकेशचा चेहरा पडला. "ते सोडून काहीही माग."

"का रे?"

"तुमच्या प्रभुभोजनाच्या मेजावर मी आता विश्वास ठेवत नाही. तिथे येऊन खाल्लं तर ते खोटं होईल."

"मग मी इथे येऊन खाते."

तो चटईची काडी उपसत राहिला. "इथे... इथे बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात, आई. म्हणजे आमच्यासारखा झालेल्यांना."

"असं होय," मावशी उठल्या. "माफी चालते. भाकर चालत नाही."

जिन्यापर्यंत सोडायला किशोरी आली. निकेशची बायको, गव्हाण गावची. तिचं माहेर आगरी, तिच्या घरात तीच पहिली ख्रिस्ती झालेली.

"एक येशू आणि त्याची किती दुकानं गं, किशोरी," मावशी कठडा धरून उतरत म्हणाल्या. "पिठात पाणी ओतत गेलं की गोळा मोठा दिसतो. पण हातात राहत नाही."

"आई, राग मानू नका. माज्या बाबाची दारू हितंच सुटली. तुमच्या चर्चात आमी आलो असतो तं आमाला कुठं बसवलं असतं? मागं, चपलांजवल."

मावशी थांबल्या. खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. "खरं बोललीस," एवढंच त्या म्हणाल्या. मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबल्या. "तुमच्याकडे प्रभुभोजन कधी?"

"शुक्रवारी सकाली."

"पाव कोण आणतं?"

"मीच. बेकरीतून."

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. मी मुकाट्याने रिक्षा बघायला गेले.

गुरुवारी मी आईशी आधी समेट करून घेतला आणि मगच मावशींकडे गेले. त्यांनी पीठ नेहमीच्या दुप्पट घेतलं होतं. मळताना हात थरथरत होते. मनगटाने रेटा देऊन, ओठ आवळून त्या मळत होत्या. गोळा झाला तशी त्यावर क्षणभर तळवा ठेवला. मग मधोमध कापला.

"एक आमच्या चर्चला. एक त्याच्या."

"त्याला कळलं तर?"

"कसं कळेल? भाकरीवर कुठे नाव असतं? मी आज इथे खाईन, तो उद्या तिथे खाईल. देवाला ठाऊक, की गोळा एकच होता. बास. मला एवढंच पाहिजे."

दोन्ही भाकरी त्यांनी थापल्या, ओव्हनमध्ये सारल्या. दुपारी किशोरी येऊन एक घेऊन गेली, स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळून. संध्याकाळी मावशी चर्चला गेल्या आणि परतल्या तेव्हा गुणगुणत जिना चढत होत्या. "माझा अर्धा झाला," दारातूनच मला म्हणाल्या.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या उपासनेला निघण्यासाठी त्या पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. मी त्यांना सोडायला जाणार होते. दार उघडंच होतं. निकेश आत आला. हातात तेच पांढरं कापड.

त्याने ते टेबलावर ठेवलं आणि उलगडलं. भाकर अख्खी होती. मध्यभागी, सुरीच्या पाठीने दाबलेला क्रूस.

मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं बाई. हाताने केलं गं. दोन्हींवर. हातालाच सवय..."

"पास्टरांनी कापड काढलं आणि मला दिसला," निकेश म्हणाला. "आम्ही क्रूस काढत नाही, आई. आणि हा असा डावीकडे कललेला क्रूस मी लहानपणापासून बघतोय."

"मग?"

"मग मी उठून सांगितलं, ही माझ्या आईची भाकर आहे."

"सगळ्यांसमोर?"

"हो. पास्टर काही वाईट बोलले नाहीत. किशोरीला एवढंच म्हणाले, की ताई, विचारायचं होतंत. मग एकाला पाव आणायला पाठवलं."

खिडकीवरचं कबुतर उडालं. मावशींनी पदर दोनदा नीट केला.

"गप्प राहिला असतास तर? कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना." त्याने टेबलावर बोट टेकवलं. "मेजाजवळ खोटं घेऊन जायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? याच टेबलावर, कान पिळून? तूच ना?"

शिकवलं त्यांनीच होतं. त्या उठल्या, भाकरीच्या क्रूसावर दोन्ही अंगठे ठेवले आणि मोडली. थरथरीने कडा वेडीवाकडी तुटली. एक तुकडा त्यांनी त्याच्यापुढे धरला.

"हिच्यावर प्रार्थना झालेली नाही. तुझ्याकडची नाही, माझ्याकडची नाही. प्रभुभोजन नाहीच हे. आईच्या हातचा घास आहे. हा तरी चालेल?"

निकेशने तळहात पुढे केला. तुकडा घेतला. मग शर्टाच्या खिशात ठेवला.

"आज उपास आहे माझा. संध्याकाळी सोडताना खाईन."

"खा हं."

"खाईन, आई."

त्याने वाकून त्यांना नमस्कार केला आणि गेला. मावशींनी उरलेली भाकर पुन्हा कापडात बांधली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चल. उशीर झाला."

ईस्टर झाला. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये ते पेले आले. घरी आल्यावर मावशींनी मला सांगितलं, की झाकणाचा पापुद्रा त्यांच्या बोटांना धरवेना. शेजारच्या बाईने उघडून दिला, तोवर बाकीच्यांचं खाऊन झालं होतं. "प्रत्येकाचा आपापला. चटकन होतं हो," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. तेच मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे चहा घेत होते, तेव्हा किशोरीचा फोन आला. स्पीकरवर पाण्याचा आवाज येत होता.

"आई, कपडे धुवायला घेतलेत. ह्यांचा पांढरा शर्ट. त्या शुक्रवारपासून घडी करून कपाटात ठेवला व्हता, धुवायलाच देत नवते. आज ते कामाला गेल्यावर मी काढला."

"बरं, मग?"

"खिशात तुकडा हाय. भाकरीचा."

मावशींनी कप खाली ठेवला. "केवढा उरलाय?"

"उरला नाय, आई. आख्खाच हाय."

पलीकडे बादली भरून वाहायला लागली. किशोरीने नळ बंद केला.

"आमच्याकडं असं काय मानत नाय," किशोरी हलकेच म्हणाली, "पन माज्यानं टाकवत नाय. परत खिशात ठेवू? काय करू?"

मावशी ओव्हनकडे बघत होत्या. त्यावर आता पेपरांचा गठ्ठा होता.

"तू खा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"हो. तू."

फोनमधून कुरकुर आवाज आला. मावशी कान देऊन ऐकत होत्या.

"लई वाललाय, आई."

"हळूहळू चाव," मावशी म्हणाल्या. "वर घोटभर पाणी पी."